जहिराबीचं वाळवण

माझा धंदा प्रकल्प अहवाल लिहिण्याचा. कारखाना काढायची हौस आहे पण तो कागदावर मांडता येत नाही, असा माणूस सावेडीत माझ्या घराच्या पायऱ्या चढतो आणि मी त्याला दीडशे पानं लिहून देतो. त्यात चौकोन असतात, चौकोनांतून बाण निघतात, शेवटच्या चौकोनातून पक्का माल बाहेर पडतो आणि सगळ्यांचं कल्याण होतं. एकतीस वर्षं हेच केलं. लोक मला अमृतसाहेब म्हणतात आणि ते ऐकायला मला आवडतं, हेही सांगून टाकतो.

जहिराबी शेख यांना भेटलो तेव्हा त्या छप्पन-सत्तावन्नच्या असतील. नागापूर एमआयडीसीत त्यांच्या धाकट्या भावाचं, फक्रुद्दीन मिस्त्रीचं, फॅब्रिकेशनचं शेड आहे. फक्रुद्दीनचा संसार मुकुंदनगरला, पण जहिराबी शेडच्या मागच्या खोलीत राहायच्या. पाच कामगारांचा स्वयंपाक, झाडलोट, आल्यागेल्याचा चहा. मीही त्यांना आधी तेवढंच समजलो. चहा बरा असायचा.

त्यांचं माहेर राहुरीकडचं, मुळेच्या कालव्यालगतचं. वडिलांची पिठाची गिरणी होती. चौथी झाल्यावर वडिलांनी पोरीला गिरणीवर बसवलं, ते दळायला नव्हे. आलेलं धान्य घ्यायचं की परत पाठवायचं, हे तिनं ठरवायचं. ती कोपरापर्यंत हात पोत्यात घालायची, तळातली मूठ वर काढायची, हळूच दाबायची आणि सोडायची. दमट असेल तर एकच वाक्य: वाळवून आणा. दमट धान्य दगडाला बसतं, मग दगड उचलून त्याला छिन्नीनं टाकी लावावी लागते आणि तोवर गिरणी बंद. एकदा सरपंचाच्या घरची बाजरी तिनं तीनदा परत धाडली. वडिलांनी तिच्या दोन मुस्काटात देऊन बाजरी ठेवून घेतली, आणि दोन दिवस गिरणी बंद ठेवून दगडाला टाकी लावत बसले. त्यानंतर त्यांनी पोरीच्या हातावर कधी शंका घेतली नाही. त्या अडाणी माणसाला एक अनुभव पुरला. आम्हा शिकलेल्यांना तोही पुरत नाही.

पुढं श्रीगोंद्याला लग्न झालं, नवरा ट्रकवर ड्रायव्हर, सात वर्षांत तो गेला. मूलबाळ नव्हतं. जहिराबी भावाकडं आल्या त्या कायमच्या.

फक्रुद्दीन आयुष्यभर खडी क्रशरवाल्यांची कामं करत आला होता. कुणाचा माल ओतायचा हॉपर, कुणाची चाळणी, कुणाचा घासलेला पत्रा. नदीची वाळू मिळेनाशी झाली तशी सगळी बांधकामं क्रशरच्या वाळूवर आली. पण दगड फोडताना वाळूबरोबर बारीक पीठही तयार होतं. ते पीठ राहिलं तर काँक्रीट बिघडतं, म्हणून वाळू धुवायची. आमच्या जिल्ह्यात माणसं टँकरची वाट बघत बसतात आणि हे लोक टँकरनं दगड धुतात. फक्रुद्दीनच्या डोक्यात आलं, पाणी कशाला, वारा लावू. वरून माल सोडायचा आणि वाऱ्याचा आडवा झोत मारायचा. जड वाळू जवळ पडते, हलकं पीठ लांब उडतं. दीड वर्ष खटपट करून त्यानं मशीन उभं केलं. तासाला पाचशे किलो माल त्यातून निघायचा. शेडमध्ये सगळे त्याला वारामशीन म्हणायचे.

काकासाहेबांचा राहुरी रस्त्यापासून आत, डोंगराला लागून क्रशर. त्यांनी मशीन पाहिलं आणि त्यांना ते तासाला चाळीस टनाचं दिसायला लागलं. काकासाहेब बोलायला गोड, ठरवायला घाईचे. त्यांनी पुण्याची एक बांधकाम-साहित्याची कंपनी गाठली. कंपनी म्हणाली, चाचणी दाखवा, अहवाल आणा. अहवाल म्हटल्यावर माझ्या पायऱ्या आल्याच.

चाचणी ठरली एप्रिलमध्ये. ईद होऊन आठवडा झाला होता. आम्ही सातआठजण शेडमध्ये पोचलो तेव्हा सतरंज्या अंथरलेल्या, शीरखुर्म्याच्या वाट्या तयार, आणि मशीनशेजारी सावलीत गोण्या एका ओळीत मांडून ठेवलेल्या. त्या गोण्यांतला माल जहिराबींनी केला होता, हे मला नंतर कळलं. काकासाहेबांच्या क्रशरवरून आलेली ट्रॉली त्यांनी मागच्या अंगणात ताडपत्रीवर पसरली, दोन दिवस उन्हात ठेवली, दिवसातून चार वेळा उलथली, गाठी मोगरीनं फोडल्या, सगळं हातानं चाळलं. पाहुणे येणार म्हटल्यावर तांदूळ निवडावेत तसा त्यांनी दगडाचा चुरा निवडला होता. त्यात घरच्या कुणाला लबाडी वाटली नाही, कारण ती नव्हतीच. पाहुण्यांपुढं काय मांडायचं याची आपल्याकडं रीत असते, तिथं ती मशीनला लावली गेली एवढंच. फक्रुद्दीनच्या दीड वर्षाच्या सगळ्या चाचण्या बहिणीनं वाळवलेल्या मालावरच झाल्या होत्या. त्याला ते मशीनचं काम वाटतच नव्हतं. आपा झाडते, आपा भाकरी करते, तशी आपा माल पसरते.

नमुना ढिगाऱ्यातून घ्यायचा, पाच जागांहून घ्यायचा, स्वतःच्या हातानं घ्यायचा. हे मी हाताखालच्या पोरांना शिकवलेलं आहे. त्या दिवशी ऊन होतं, पोटात शीरखुर्मा होता आणि गोण्या समोर होत्या. मी त्यातल्या एका गोणीतून पिशवी भरली आणि अहवालात लिहिलं: कच्च्या मालातील ओलावा, एक टक्का.

मशीन सुरेख चाललं. पुण्याच्या लोकांनी वाळू तळहातावर घेऊन चोळली, हाताला पीठ लागलं नाही. फक्रुद्दीन एका कोपऱ्यात टोपी नीट करत उभा होता, आणि त्याच्या चेहऱ्याकडं बघून मलाही बरं वाटलं. जहिराबी दारात होत्या. त्यांचं लक्ष पाहुण्यांकडं नव्हतं, मशीनच्या आवाजाकडं होतं.

मग चाळीस टनाचं नियोजन सुरू झालं. छोटं मशीन ऐंशी पट मोठं केलं की मोठं मशीन होत नाही, एवढं मला कळत होतं. झोत रुंद झाला की मधोमध वारा पडतो. म्हणून मी आठ टनाची पाच मशीनं शेजारी शेजारी बसवायचं सुचवलं, आणि ती सूचना चांगली होती, आजही म्हणतो. पहिल्या मसुद्यात आणखी एक गोष्ट लिहिली होती. आधी एकच मशीन क्रशरवर बसवा, वर्षभर चालवा, पावसाळ्याचे चार महिने त्यात येऊ द्या, मग बाकीची चार. काकासाहेबांनी ते पान वाचलं आणि पेनानं आडवी रेघ मारली.

"साहेब, वर्षभर थांबायचं तर पुण्यावाले थांबत्यात व्हय? दुसऱ्या जिल्ह्यात जात्याल."

मी ते पान काढलं. एवढ्याशा गोष्टीवर गिऱ्हाईक घालवायचं नसतं, हे मी एकतीस वर्षांत शिकलो होतो.

मे महिन्यात क्रशरच्या ऑफिसात बैठक झाली. फक्रुद्दीन डबा घेऊन आपालाही आणायचा, तशा त्या आल्या होत्या. आम्ही आत नकाशे उलगडले तेव्हा जहिराबी बाहेर ढिगाऱ्याकडं गेल्या. क्रशरवर धूळ उडून गावात जाऊ नये म्हणून पट्ट्यांवर सतत पाण्याचे फवारे मारावे लागतात, नियमच आहे तो. वरून ढीग कोरडा दिसतो. जहिराबींनी कोपरापर्यंत हात आत घातला, मूठ काढली, दाबली आणि तशीच घेऊन ऑफिसात आल्या.

"काकासाहेब, ह्यो माल वला हाय. मशीनमधी जायचा न्हाई."

काकासाहेब हसले. वाईट हसले नाहीत, घरच्या बाईला हसावं तसे हसले. "जहिराबी, चाळीस टनाचं काम हाय हे. तुमची पिठाची गिरणी न्हवं."

सगळेच हसले. मीही. फक्रुद्दीन तेवढा हसला नाही. तो लाजेनं लाल झाला आणि म्हणाला, "आपा, तू गप बस जरा." जहिराबी दाराजवळच्या बाकावर बसल्या. आम्ही पुन्हा नकाशावर वाकलो.

चार दिवसांनी त्या रिक्षानं सावेडीला माझ्या घरी आल्या. एकट्या. बरोबर स्टीलचा डबा. माझ्या बायकोकडं परात मागितली, डब्यातला चुरा परातीत ओतला, मूठ वळली आणि सोडली. चुऱ्याचा मुटका तसाच राहिला, त्यावर त्यांच्या बोटांच्या खुणा.

"साहेब, तुमी गोण्यांतला माल बघितला त्यो मी वाळवलेला. दोन दिस. फक्रूच्या ध्यानात न्हाई आलं, त्येला वाटतं माल असाच येतो. मोठ्या मशीनला वाळवणार कोन? तेवढं कागदात लिवा. वाळवायचं काय तरी लागंल म्हणून लिवा."

मी म्हणालो, "तुम्ही काकासाहेबांना सांगा ना."

"मी सांगितलं तर हसत्यात. तुमी लिवलं तर कोन न्हाई हसनार." मग डब्याचं झाकण लावत म्हणाल्या, "फक्रूनं जल्मात एकच चीज सोताच्या डोक्यातून काढलीया. ती तोंडावर पडली तर त्यो परत उभा ऱ्हायचा न्हाई. मी त्येला वळखते."

मला त्या क्षणी सगळं कळलं. लोकांना वाटतं, अशा वेळी माणूस गोंधळतो. मी गोंधळलो नाही. वाळवायची भट्टी लावायची तर जळण आलं. जळण आलं की पाण्यापेक्षा स्वस्त ही सगळी गोष्ट डळमळते, कंपनी पुन्हा हिशेब मांडते, कदाचित मशीनं पाचाऐवजी दोन होतात. पण योजना मरत नाही. भट्टी घालून ती उभी राहिली असती, सावकाश, लहान, पण राहिली असती. मला अडचण वेगळीच होती. परातीतला मुटका सहज सात टक्के ओलाव्याचा होता. ओलावा एक टक्क्याचा सात टक्के कसा झाला, असं पुण्यावाल्यांनी विचारलं असतं, आणि मला सांगावं लागलं असतं की मी ढिगाऱ्याला हातच लावला नव्हता. करारावरच्या सह्या सोमवारी होत्या.

"लिवणार ना साहेब?"

"लिहितो," मी म्हणालो.

त्यांनी परात स्वतः विसळून दिली आणि गेल्या. मी एक अक्षर बदललं नाही. घाबरलो होतो, दुसरं काही नाही.

पुढच्या वर्षी जुलैच्या सुरुवातीला पाचही मशीनं उभी राहिली. मंडप, हार, पेढे. काकासाहेबांनी फक्रुद्दीनला फेटा बांधला. कळ दाबली, पट्टा फिरला, आणि अडीच-तीन तास वाळू पडायला हवी तशी पडली. मग आवाज बदलला. ओलं पीठ पत्र्याला बसायला लागलं होतं, थरावर थर. झोताची वाट बुजली, पंख्यावर ताण आला, एक मोटर बंद पडली, मग दुसरी. कामगार हातोड्यांनी पत्रे ठोकायला लागले. फेटा बांधलेला फक्रुद्दीन शिडीवर चढून स्वतः घण मारत होता. दुसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशी तेच.

आठव्या दिवशी उघडीप मिळाली. मी गेलो तेव्हा जहिराबी क्रशरच्या मोकळ्या जागेत ताडपत्र्या पसरून बसल्या होत्या, सोबत खडीवरच्या दोन बायका. तिघींनी सकाळपासून ऊन खाऊ घालून दोनेक टन माल वाळवला. दुपारी तो एका मशीनला दिला. पाव तास ते इतकं देखणं चाललं, की फक्रुद्दीन शिडीवरून ओरडला, "बघा! बघा! मशीन बरोबर हाय!" मग ताडपत्र्या रिकाम्या झाल्या. जहिराबी पदरानं तोंड पुसत पुन्हा ढिगाऱ्याकडं निघाल्या. त्यांना कुणी थांबवलं नाही, आणि एवढ्यानं काही पुरणार नाही हेही त्यांना कुणाला सांगवेना. मला तिथं उभं राहवलं नाही, मी गाडीत जाऊन बसलो.

पुण्याच्या कंपनीनं विचारलं, चूक कुणाची. काकासाहेबांनी मला बोलावलं. त्या दिवशी त्यांच्या बोलण्यात गोडवा नव्हता.

"साहेब, सरळ बोलतो. एक तर तुमी, न्हाई तर मिस्त्री. तुमीच चौकशी करा अन् तुमीच लिवा."

मी चार पानांचा चौकशी अहवाल लिहिला. त्यातलं मुख्य वाक्य असं: 'चाचणीस सादर केलेला माल मिस्त्री यांच्या भगिनी श्रीमती जहिरा शेख यांनी दोन दिवस ताडपत्रीवर पसरून, दररोज चार वेळा उलथून, गाठी फोडून व हाताने चाळून तयार केला होता, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे, सबब नमुन्यात फेरफार झाल्याचे स्पष्ट होते.' एक शब्द सोडला तर वाक्य खरं आहे. त्यांनी हे कधी सांगितलं, ती तारीख मी लिहिली नाही. सह्यांच्या आधी की नंतर, असा प्रश्न कुणी विचारलाही नाही. मी सुटलो. काकासाहेबही सुटले.

कंपनीनं फक्रुद्दीनला नोटीस पाठवली, जाणूनबुजून फसवणूक केली म्हणून. ती बातमी क्रशरवाल्यांत दोन दिवसांत फिरली. वीस वर्षांची गिऱ्हाइकं, पण कुणी साधा पत्रा बदलायला त्याच्याकडं येईना. त्यानं कामगारांना रजा दिली आणि स्वतः शिर्डीला गेला. तिथं नवीन हॉटेलांच्या जिन्यांचे कठडे रोजंदारीवर वेल्डिंग करतो. बहिणीशी बोलत नाही. अहवालात लिहिलंच आहे ना, त्यांनी स्वतः सांगितलं म्हणून. त्याच्या लेखी घरातली गोष्ट आपानं परक्याच्या कानात घातली आणि त्याला बुडवलं. मी जवळून बघितलेल्या अन्यायात इतका पुरता अन्याय दुसरा नाही, आणि तो माझ्या हातचा आहे.

यंदा मार्चमध्ये नागापूरला त्या शेडमध्ये गेलो. माफी मागायला गेलो असं कुणाला वाटेल, पण तेवढा मी चांगला नाही. काकासाहेब आता भट्टी लावायचं म्हणत होते, दुसऱ्या कंपनीबरोबर, आणि त्यांना मशीनचे मूळ नकाशे हवे होते. भट्टीचा चौकोन मीच काढून दिला होता.

शेड बंद होतं. मागच्या अंगणात जहिराबी एकट्याच बसल्या होत्या. मला बघून उठल्या, खुर्ची पुसून दिली, चहा ठेवला. नकाशांची गुंडाळी न विचारता काढून दिली. मग कपाटातून चौकशी अहवालाची झेरॉक्स आणली, नोटिशीबरोबर आलेली. ते एक वाक्य त्यांनी बोट ठेवत, चौथी शिकलेल्या आवाजात, मला वाचून दाखवलं. मी चहाकडं बघत होतो.

"एकदम बराबर लिवलंय," त्या म्हणाल्या. "दोन दिस. चार येळा उलथलं. गाठी फोडल्या. समदं बराबर. हेच तर मी सांगायला आल्ते तुमच्याकडं. तवा न्हाई लिवलं. आता लिवलं. लिवता येत हुतं की मग तुमाला."

त्यांच्या आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं. त्या खरोखरच विचारत होत्या.

"येत होतं," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मग अहवालाखालून एक स्टॅम्पपेपर काढला, कोरा, आधीच आणून ठेवलेला. "ह्यावर दोनच वळी लिवून द्या साहेब. सह्या व्हायच्या आधी जहिरानं मला येऊन सांगितलं हुतं, अन् फक्रुद्दीनला ह्यातलं काय ठावं नव्हतं. कोर्टासाठी न्हाई. मी शिर्डीला जाऊन त्येला वाचून दाखवीन. दुसरं काय नको मला."

मी पेन काढलं, टोपण उघडलं, आणि म्हणालो की वकिलाला विचारून उद्या येतो. नकाशे काखेत मारून निघालो. त्या फाटकापर्यंत सोडायला आल्या, आणि सावकाश जा म्हणाल्या.

त्याला आता सात महिने झाले. जहिराबींनी दोन ओळी मागितल्या होत्या. मी ही एवढी पानं लिहून काढली, त्यात एक शब्द खोटा नाही, आणि नागापूरला अजून गेलेलो नाही.